पोरं अजून कोवळी आहेत

डेट्रॉइट, मे २०२५

अमेरिकेत जिंकणाऱ्यालाच किंमत, हरणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे माझ्याच नात्यातले. या मंडळींनी परवा डेट्रॉइटमध्ये असायला हवं होतं.

१ मेच्या रात्री इथला बास्केटबॉलचा संघ, पिस्टन्स, न्यूयॉर्क निक्सकडून ११३-११६ असा हरला आणि बाद झाला. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत सात गुणांची आघाडी होती, ती हां हां म्हणता गेली. चार सेकंद उरले असताना न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनने लांबून तीन गुणांचा नेम मारला. बरोबरी साधायची एक शेवटची संधी होती, तर मलिक बीझलीच्या हातून चेंडूच निसटला आणि रेषेबाहेर गेला. याच बीझलीने हंगामभरात तीनशेच्या वर तीन-गुणी नेम मारले होते.

मला वाटलं, आता याची धिंड निघणार. आमच्या शिरूरला निघाली असती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी, सलूनमध्ये, पेट्रोल पंपावर दुसरा विषय नव्हता. वाद कडाक्याचा होता, पण बीझलीवर नव्हता. वाद असा, की ही पोरं अजून दोन वर्षं अशीच एकत्र ठेवायची, का त्यातली एकदोन देऊन एखादा मुरलेला खेळाडू आणायचा. सलूनवाला ‘ठेवा’ पक्षाचा. त्याची कात्री माझ्या कानाजवळ थांबली आणि त्याने केड कनिंगहॅम, जेलन ड्युरन, ऑसार थॉम्पसन या प्रत्येकाचं वय मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. ‘पोरं अजून कोवळी आहेत,’ असं म्हणून तो पुन्हा केसांकडे वळला.

या सबुरीचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. २०२३-२४च्या हंगामात हाच संघ सलग २८ सामने हरला होता. एकाच हंगामात इतकं सलग कुणीच हरलं नव्हतं. ३० डिसेंबरला टोरांटोला दोन गुणांनी हरवलं तेव्हा लोकांनी विजेतेपद मिळाल्यासारखा जल्लोष केला. हंगामाअखेर हिशोब १४ विजय, ६८ पराभव. ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा मालकाच्या नावाने भर स्टेडियममध्ये झाल्या, म्हणजे इथले लोक काही संत नाहीत. सहा वर्षांचा करार करून आणलेल्या प्रशिक्षकाला एका वर्षात घरी पाठवलं. पण केड, ड्युरन, थॉम्पसन या पोरांना हात लावला नाही. उलट त्या हंगामानंतर, २०२४च्या जुलैत, केडशी पाच वर्षांचा नवा करार केला तो किमान २२ कोटी ४० लाख डॉलरचा. पुढच्याच हंगामात ४४ विजय.

हे मी दौंडच्या दाजींना फोनवर सांगितलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राज्य राखीव पोलिसांतून निवृत्त झालेले. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘पाव्हणं, अडुसष्ट मॅची हरल्यावर पगारवाढ? आमच्याकडं एक पेपर फुटला तर इन्क्रिमेंट रोखत्यात.’

यापुढची गंमत त्यांना पचवायला आणखी जड गेली. इथे नव्या दमाच्या खेळाडूंची निवड दरवर्षी होते आणि त्यात पहिला मान सगळ्यात जास्त हरलेल्यांना. मात्र कुणी मुद्दाम हरू नये म्हणून सोडत काढतात. १ ते १४ आकड्यांचे चेंडू यंत्रात घुसळून चार बाहेर काढायचे, आणि तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के शक्यता. डेट्रॉइट दोन वर्षं लागोपाठ तळाला होतं आणि दोन्ही वर्षी सोडतीत घसरून पाचव्या क्रमांकावर आलं. भिशीत सगळ्यात गरजवंत माणसाची चिठ्ठी नेमकी शेवटी निघावी, तसं. इथले लोक त्या चेंडूंवर अजून तळतळाट करतात. ‘म्हणजे सरळ हरण्यातही यांचं नशीब फुटकं,’ दाजी म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते पिस्टन्सचे चाहते झाले.

चाहते झाले म्हणजे पंचांवर घसरले. न्यूयॉर्कविरुद्धच्या याच बाद फेरीच्या मालिकेतला चौथा सामना डेट्रॉइट ९३-९४ असा एका गुणाने हरलं. शेवटच्या क्षणी टिम हार्डवे चेंडू फेकत असताना न्यूयॉर्कचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर आला, आणि शिट्टी वाजली नाही. सामन्यानंतर पंचप्रमुखांनी चित्रण पाहून सांगितलं, की फाउल द्यायला हवा होता. मी हे मोठ्या कौतुकाने दाजींना ऐकवलं. आपल्याकडे असं होतं का? आपल्याकडे चूक कबूल करायच्या आत पंच मोटारसायकलला किक मारून गावाची वेस ओलांडतो.

‘मग निकाल बदलला का?’
‘नाही.’
‘मग कबूल करून त्या पोरांच्या ताटात काय पडलं?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण माझी असूया पंचांपुरती नाहीच. मला हेवा वाटतो तो त्या सलूनवाल्याच्या ‘दोन वर्षं थांबा’चा. हे वाक्य शिरूरला किंवा दौंडला, हरलेल्या संघाबद्दल, मी कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही.

आपल्याकडे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. जत्रेतले कबड्डीचे सामने. शेवटची चढाई, संघ दोन गुणांनी मागे, चढाईला गेलेला पोरगा जेमतेम अठराचा. तो बोनसच्या रेषेकडे पाय टाकतो आणि डाव्या कोपऱ्याचा गडी त्याचा घोटा धरतो. पोराने अजून गुडघ्यावरची माती झटकलेली नसते, तेवढ्यात कडेचे तीन निकाल तयार. याला उतरवला कुणी? हा अमक्याच्या गटाचा म्हणून घेतलाय. आणि तिसरा, पैसे खाल्ले असणार. अठरा वर्षांच्या पोराने शंभर रुपयांच्या पैजेच्या सामन्यात पैसे खाल्ले! मात्र सगळ्यात वरच्या पट्टीत ओरडणाऱ्या त्याच गृहस्थाने दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी दुधाची किटली पाठवली, तीही मी पाहिली. डेट्रॉइटमध्ये केडच्या घरी कुणी दूध पाठवत नाही. इथल्या चाहत्याला त्याचा पगार पै-पैशानिशी ठाऊक असतो, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवायची सोय नसते. तिकीट काढायचं, महागडा नाचोचा डबा मांडीवर घ्यायचा आणि लांबून प्रेम करायचं. हे मला आजही कोरडं वाटतं.

पण दुधाची किटली एका सकाळची असते. पुढच्या जत्रेला तो पोरगा संघात नव्हता. हरल्यामुळे काढला नव्हता. तो भरतीच्या तयारीला लागला होता. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. आपल्या तालुक्यातली निम्मी कबड्डी या तीन गोष्टींत जिरते. नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण मिळवायचं, त्यासाठी प्रमाणपत्र हवं, म्हणून खेळायचं. प्रमाणपत्र हातात पडलं की खेळ संपला. यात त्या पोराचा दोष शून्य, बापाचाही शून्य. दाजींचंच घ्या. उजव्या कोपऱ्याला खेळायचे, त्यांची पकड दौंडच्या रेल्वे मैदानावर जुनी माणसं अजून सांगतात. बाविसाव्या वर्षी राखीव पोलिसांत लागले आणि पुढची वर्षं बंदोबस्तात गेली. घर उभं राहिलं, माझी बहीण सुखात आहे. फक्त तो संघ कधी मुरलाच नाही. दर दोन वर्षांनी कोवळी पोरं, दर दोन वर्षांनी तेच हरणं आणि पारावर तोच वाद. आम्हाला वाटतं, आमची पोरं मोक्याच्या वेळी कच खातात. खरी गोष्ट अशी, की मोक्याच्या वेळा पाच-सहा वर्षं लागोपाठ बघायला ती संघात उरतच नाहीत.

अपवाद आपल्या उशाशीच आहे. व्यावसायिक कबड्डीतल्या पुणेरी पलटणने नवख्या पोरांना आपल्या युवा पलटणमध्ये घडवलं, त्यांच्यावर पैसा आणि वेळ घातला. २०२२च्या डिसेंबरात अंतिम सामना जयपूरकडून २९-३३ असा गेला, तरी पोरं तीच ठेवली. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतेपद आणलं, आणि कर्णधार होता घोडनदीपलीकडच्या नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. पुढच्या हंगामात तो गुडघ्याने बसला, संघ बाद फेरीतही पोचला नाही, आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर लगेच ‘पोरं माजली’ सुरू झालं. विजेतेपदाला वर्षही झालं नव्हतं. मी तिथे डेट्रॉइटचे २८ पराभव लिहून पाठवले. ‘तिकडं चालतं, इकडं नाय,’ असं उत्तर आलं.

का चालत नाही? हा पिस्टन्स संघ काही आभाळातून पडलेला नाही. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावात फ्रेड झोलनर नावाच्या कारखानदाराचा पिस्टन बनवायचा कारखाना होता, त्या कारखान्याचा हा संघ. १९५७मध्ये तो डेट्रॉइटला आला. आपल्याकडे मध्य रेल्वे, महिंद्रा, पोलीस यांचे संघ आहेत तसाच. शिरूरच्या दाराशी रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंडच्या दाराशी कुरकुंभची, शिवाय रेल्वेचं एवढं मोठं जंक्शन. रांजणगावात फियाटची भागीदारी असलेल्या कारखान्यात गाड्या बनतात. त्याच घराण्याच्या कंपनीचं अमेरिकेतलं मुख्य कार्यालय इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, ऑबर्न हिल्सला आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत बसतं. दर वर्षी फलक लावून ट्रॅकसूट वाटण्यापेक्षा त्यातून तालुक्यातली बारा पोरं निवडा आणि भरतीची घाई न करता तीन वर्षं खेळतील एवढा खुराक, मॅट आणि महिन्याचा पगार द्या. तिसऱ्या वर्षीही हरली, तर पारावर शिव्या घालायला मी स्वतः विमानाचं तिकीट काढून येईन.

दाजींना ही कल्पना फार पसंत पडली. ‘पैसं येऊ द्या,’ ते म्हणाले, ‘मग कमिटीचा अध्यक्ष शिरूरचा का दौंडचा, त्याच्यावर भांडू.’ तीन वर्षं त्यातच जायची, असं मी म्हटलं. ‘जाऊ द्या की,’ दाजी म्हणाले, ‘तवर पोरं खेळत्याल.’