देशी झाडांची रोपवाटिका

महाराष्ट्रात रस्त्याकडेला आणि टेकड्यांवर भरपूर लावली गेलेली गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही झाडे मूळची मध्य अमेरिकेतली. काटक आणि झटपट वाढणारी, म्हणून ती सोयीची ठरली. देशी झाडांची रोपवाटिका ही सोय सोडून अवघड वाट धरते.

तिथे प्रत्येक बीजाचा स्वभाव वेगळा. बहाव्याच्या बियांचे कवच इतके टणक की तशाच पेरल्या तर त्या महिनोन्‌महिने मातीत पडून राहतात. पॉलिश कागदावर घासून रात्रभर पाण्यात ठेवल्या की टपोऱ्या फुगतात. लिंबोळीचे उलटे. गर धुऊन, सावलीत सुकवून ती दोन-तीन आठवड्यांत पेरावी. उशीर झाला की उगवण झपाट्याने घटते. पुढे रोपांच्या पिशव्या अधूनमधून हलवाव्या लागतात, नाहीतर मुळे तळातून थेट जमिनीत शिरतात आणि उचलताना तुटतात.

ही कामे शाळकरी मुलांच्या हाती द्यावीत. बी घासणारे मूल झाड विसरत नाही, भाषण विसरते.

रोपाजवळची पाटीही बोलकी हवी: मराठी नाव, फुलोऱ्याचा महिना, त्यावर जगणारे जीव. निलवंत हे 2015 पासून राज्य फुलपाखरू आहे, पण त्याच्या अळ्या लिंबूवर्गीय कुळातल्या झाडांवर वाढतात, हे किती जणांना ठाऊक असते?

पावसाळ्यात फुकट रोपे नेण्यापुरते रोपवाटिकेत जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये, बिया गोळा होत असताना, मुलांना घेऊन जा.