तुरळक म्हणजे थोडा नव्हे

टीव्हीवर काश्मीरच्या बर्फाची बातमी लागली की आमच्या नारायणगडच्या गटातल्या बाया म्हणायच्या, "त्याचं आपल्याला काय?" पण त्याचा आपल्याशी संबंध आहे.

हिवाळ्यात पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूनं, ढग घेऊन वारे येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतं. ते हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले की उत्तरेचं कोरडं, गार वारं खाली सुटतं आणि काही दिवसांत आपल्याकडचा पारा उतरतो. आभाळ मोकळं असेल तर जास्तच, कारण दिवसा तापलेल्या जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते. ढग ती ऊब गोधडीसारखी धरून ठेवतात. म्हणून जानेवारीत एकाएकी थंडी कमी झाली की आम्ही आधी आभाळ बघतो. तूर खळ्यावर असते ना!

एकदा आमचा घोटाळा झाला. रेडिओवर "तुरळक ठिकाणी पाऊस" असं सांगितलं. आम्ही समजलो, चार थेंब पडतील. ताडपत्री घरातच राहिली आणि तूर भिजली. नंतर कळलं, 'तुरळक' हा शब्द पावसाचा नाही, जागांचा आहे. शंभरातल्या फार तर पंचवीस ठिकाणी पडेल, पण जिथं पडेल तिथं धोधोही पडू शकतो. 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' हेही तसंच ऐकायचं.

रंगांचंही ध्यानात घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. थंडीची लाट मात्र नुसतं गार वाटलं म्हणून होत नाही. आपल्यासारख्या सपाट भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेलं हवं.

अंदाज जिल्हावार मिळतो, 'मेघदूत' ॲपवरही. बीडचा बघून झाला की आपली माणसं ज्या जिल्ह्यात ऊस तोडायला गेलीत, तिथलाही बघा. कोपीत लेकरं झोपतात. आम्ही संध्याकाळीच फोन लावतो: लेकरांना जास्तीचं पांघरूण घाला, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री ताणा, आणि शेगडी पेटती ठेवून कोपी बंद करून झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.