हरभऱ्याच्या गाठीत राहतो कोण?

संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे मावळातील सुदुंबरे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. आपण मात्र तेथील शिवारात जरा वेगळ्या कामासाठी जाऊ. मावळात भात निघाला की जमिनीतल्या ओलीवर हरभरा पेरतात. असे सव्वा महिन्याचे एक रोप खुरप्याने मातीसकट अलगद उचलून पाण्यात धुतले, तर मुळांवर गाठी दिसतील. ब्लेडने कापल्यावर गाठ आतून गुलाबी निघाली तर ती काम करीत आहे असे समजावे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करणारे जिवाणू या गाठीत असतात, इतके आपण वर्गात सांगतोच. पण हे जिवाणू कोणते?

'रायझोबियम' हे आपले ठरलेले उत्तर. शास्त्रीय नाव म्हणून हे उत्तर सोयाबीनच्या बाबतीत १९८२ पासून, तर हरभऱ्याच्या बाबतीत १९९७ पासून बरोबर राहिलेले नाही.

१८८८ मध्ये बायरिंक यांनी हे जिवाणू गाठीतून वेगळे करून वाढवले आणि १८८९ मध्ये फ्रँक यांनी त्यांना रायझोबियम हे नाव दिले. पुढे त्यांची विभागणी झाली ती यजमान वनस्पतीवरून. जो जिवाणू वाटाण्यावर गाठी करतो तो मसुरावरही करतो, म्हणून त्यांचा एक गट. तूर, मूग, उडीद, भुईमूग यांचा चवळी गट. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. जिवाणू संवर्धकाच्या २५० ग्रॅमच्या पाकिटावर आजही हेच गट छापलेले असतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चोळून उपयोग नाही, हे त्याला कळले पाहिजे.

परंतु भाडेकरू कोणत्या घरात राहतो यावरून त्याचे कूळ कळत नाही. प्रयोगशाळेतही ही शंका येतेच. यीस्ट-मॅनिटॉलच्या बशीत वाटाण्याचा जिवाणू दोनतीन दिवसांत वाढतो, सोयाबीनचा आठवडाभर वाट पाहायला लावतो. या संथ मंडळींना जॉर्डन यांनी १९८२ मध्ये ब्रॅडीरायझोबियम या निराळ्या प्रजातीत घातले.

नंतर वर्गीकरणात जनुके आली. प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोममध्ये '१६ एस' नावाचा एक आरएनए असतो. त्याचे जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे. ते प्रत्येक जिवाणूत असते आणि फार सावकाश बदलते, त्यामुळे दोन जिवाणूंतील अक्षरे ताडून त्यांचे नाते ठरवता येते. या मोजपट्टीने हरभऱ्याचा जिवाणू १९९७ मध्ये मेसोरायझोबियम झाला. मेथी आणि लसूणघासाचा सायनोरायझोबियम (एन्सिफर) ठरला. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम तर वाटाण्याच्या जिवाणूपेक्षा ऱ्होडोस्यूडोमोनस या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूला जवळचा निघाला. २००१ मध्ये तैवानातील लाजाळूच्या गाठींत सापडलेला जिवाणू या सर्वांपासून इतका दूर होता, की त्याचा वर्गच निराळा ठरला.

इतक्या दूरच्या कुळांना एकच कसब कसे अवगत झाले? याचा एक फार सुंदर पुरावा न्यूझीलंडमधून मिळाला. तेथील एका कुरणात लोटस या चारापिकासाठी योग्य जिवाणू नव्हता, म्हणून बियांबरोबर एकच वाण सोडण्यात आला. सात वर्षांनी गाठी तपासल्या तेव्हा आत भलतेच, तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू मिळाले. त्यांची गुणसूत्रे स्थानिक मातीतली; त्यांत बसलेला सहजीवनाच्या जनुकांचा तुकडा मात्र त्या सोडलेल्या वाणाचा! १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. हा तुकडा सुमारे ५ लाख अक्षरांचा असून तो एका जिवाणूतून दुसऱ्यात सबंध जातो, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. त्याला 'सहजीवन-बेट' म्हणतात. मुळाला ओळख पटवणारी नॉड जनुके आणि नत्र स्थिर करणारी निफ जनुके याच बेटावर असतात. म्हणजे पाकिटावरचा गट सांगतो तो बेटाचा गुण आणि '१६ एस' सांगतो ते कूळ. दोन्ही खरे, पण उत्तरे दोन निराळ्या प्रश्नांची. हरभऱ्यातही तसेच आहे. भारतासह अनेक देशांतील गाठींचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेसोरायझोबियमच्या निरनिराळ्या शाखांत सहजीवनाची जनुके मात्र सारखीच दिसली.

शेतकऱ्याचा संबंध येतो तो येथे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरुला या चारापिकाबाबत असेच बेट स्थानिक जिवाणूंत गेले, आणि त्या नव्या जिवाणूंपैकी काही गाठी करू लागले पण नत्र जवळजवळ देईनात. अशा गाठी मोजून पाकीट लागू पडले असे म्हणणे ही फसगत होय. ते ठरवायचे तर गुणसूत्र आणि बेट दोन्ही स्वतंत्र तपासावी लागतात. शाळेत ते शक्य नाही. ब्लेड मात्र आहे. संवर्धक लावलेल्या आणि न लावलेल्या वाफ्यातील दहा-दहा रोपे घ्यावीत, आणि गाठी किती याबरोबरच आतून गुलाबी किती, पांढरट किती हेही विद्यार्थ्यांना वहीत मांडायला सांगावे.