जुन्नरचा हिरडा, हिमालयाचा देवदार
जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या डोंगरांत वाढणारा हिरडा रुंदपर्णी आणि हिमालयातील देवदार सूचिपर्णी असला, तरी त्यांच्यातील मूळ भेद पानांत नसून बीजांत आहे. हिरड्याचे बीज फळात बंदिस्त, म्हणजे आवृतबीज असते, आणि महादेव कोळी कुटुंबे ज्यावर वर्षाची मोठी भिस्त ठेवतात तो बाळहिरडा म्हणजे हेच कोवळे फळ होय. देवदाराचे बीज मात्र शंकूच्या खवल्यांवर उघडे, म्हणून तो प्रकटबीज. हिरड्यात पाणी सलग पोकळ वाहिन्यांतून चढते, तर देवदारात ते बंद टोकांच्या अरुंद पेशींतून, त्यांच्या भिंतींतील सूक्ष्म खाचांवाटे सरकते. पानांवरून केलेली विभागणी अपुरीच म्हणावी लागते, कारण दक्षिण सह्याद्रीतील एकमेव स्थानिक शंकुधारी वृक्षाची, नागेइया वालिचियानाची, पाने रुंद असतात.