जाममध्ये तापते, हायवेला थंड होते? आधी पंख्याचा रिले तपासा

बोईसर : एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की बोईसरमध्ये गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि हीटचा काटा वर चढू लागतो. तीच गाडी चिल्हार फाट्यावरून हायवेला लागली की काटा आपोआप खाली. चालकाला वाटतं, गेलं दुखणं. पण खरी खूण हीच आहे. वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो; उभ्या गाडीत ते काम विजेच्या पंख्याचं. म्हणजे संशय पंख्यावरच. वेगातही गाडी तापत असेल तर मात्र कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप बघावा लागतो. (ट्रॅक्टर आणि जुन्या जीपचा पंखा बहुधा पट्ट्यावर फिरतो, त्यांना हे लागू नाही.)

पंख्याला बराच करंट लागतो, म्हणून मध्ये रिले असतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ज्याने उघडून पाहिला आहे, त्याला हे लगेच कळेल. चार पिनांच्या साध्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ मध्ये कॉईल. तिला थोडा करंट मिळाला की आतली पट्टी ओढली जाते, 'टिक' आवाज येतो आणि बॅटरीकडून ३० वर आलेला करंट ८७ मधून पंख्याला जातो.

तपासणी सोपी आहे. गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा फिरायलाच हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा. मग गाडी बंद करून त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, पंख्याच्या जागी लावून पुन्हा बघा. पंखा फिरला तर जुना रिले गेला. तरीही नाही फिरला तर मोटर, वायरिंग, अर्थ किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी. ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यावं. काही नव्या गाड्यांत साध्या रिलेऐवजी वेगळं कंट्रोल युनिट असतं, त्यात तारा जोडून प्रयोग नकोत. आणि पंख्यात बोटं घालू नका. इंजिन बंद असलं तरी तो अचानक फिरू शकतो.

खरी फसगत पुढेच होते. नवा रिले टाकला, पंधरा दिवसांत तोही जळाला, की दुकानदाराला शिव्या बसतात. पण रिले उगाच जळत नाही. मोटरचे बुश झिजले की ती जड फिरते, जास्त करंट ओढते आणि रिलेचे पॉइंट जळतात. दुसरं कारण सॉकेट. तारापूर, चिंचणी, सातपाटीकडच्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट गंज चढतो, पिन सैल होते, तिथेच गरम होऊन प्लास्टिक वितळतं. रिले काढल्यावर सॉकेट काळं दिसलं तर नुसता रिले बदलून उपयोग नाही. मोठा फ्यूज टाकणं तर सर्वांत वाईट, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते.

कधी उलटंही होतं. पॉइंट चिकटले की पंखा थांबतच नाही. किल्ली काढल्यावर थोडा वेळ पंखा फिरणं काही गाड्यांत नेहमीचं आहे. रात्रभर फिरला तर सकाळी बॅटरी बसलेली.

वाशी मार्केटला ढोबळी मिरची घेऊन निघालेला टेम्पो घोडबंदरच्या जाममध्ये तापला, तर माल वेळेत पोचवायच्या घाईत गाडी रेटू नये. एसी असेल तर बंद, हीटर पूर्ण चालू, बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. रिले काही शे रुपयांत मिळतो. हेड गॅसकेट गेलं की खर्च हजारांत. गॅरेजला गेल्यावर 'रिले बदला' एवढंच न सांगता, पंखा किती अँपिअर घेतो ते क्लॅम्प मीटर लावून बघायला सांगावं.