मुष्टियुद्धाचा निर्णय आणि पंचांची कसोटी

धावण्याच्या शर्यतीचा निकाल घड्याळ देते आणि भारोत्तोलनाचा निकाल उचललेल्या वजनावरून लागतो. मुष्टियुद्धात मात्र, प्रतिस्पर्धी धराशायी होऊन लढत थांबली नाही, तर निकाल रिंगणाभोवती बसलेल्या पंचांच्या हाती असतो. ऑलिंपिक व आशियाई क्रीडास्पर्धांतील बहुसंख्य लढती अशा रीतीने गुणांवरच जिंकल्या वा हरल्या जातात. साहजिकच गुण कोणत्या रीतीने दिले जातात, हा या क्रीडाप्रकारातील कळीचा प्रश्न ठरला आहे.

आधुनिक ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचा प्रवेश 1904 मध्ये सेंट लुई येथे झाला. स्वीडनच्या कायद्याने या खेळास मनाई असल्यामुळे 1912 च्या स्टॉकहोम स्पर्धेत तो वगळण्यात आला होता. महिलांना हे रिंगण 2012 मध्ये लंडन येथे खुले झाले आणि त्याच स्पर्धेत आपल्या मेरी कोम यांनी 51 किलो गटात कांस्यपदक मिळविले. या मुष्टियुद्धास ‘हौशी’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी 2016 च्या रिओ स्पर्धेपासून व्यावसायिक खेळाडूंनाही तेथे प्रवेश मिळू लागला आहे.

ठोसा केव्हा ग्राह्य धरतात?

मिटलेल्या मुठीच्या पेरांचा भाग प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याच्या वा कमरपट्ट्यावरील धडाच्या पुढील अथवा बाजूच्या भागावर, अडथळा न येता, स्वच्छपणे बसला, तरच तो ठोसा ग्राह्य मानतात. लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. रिंगणात उभा असलेला पंच नियमपालन पाहतो. गुण देणारे पाच पंच मात्र रिंगणाबाहेर, निरनिराळ्या बाजूंना बसतात. एका बाजूने स्पष्ट दिसलेला ठोसा दुसऱ्या बाजूने खेळाडूच्या पाठीआड झाकला जाऊ शकतो. म्हणूनच एकाऐवजी पाच पंचांची योजना केलेली असते.

सोलची वादग्रस्त लढत

ही योजनाही नेहमीच पुरेशी ठरत नाही, याचे ठळक उदाहरण 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये घडले. 71 किलो गटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेचे रॉय जोन्स आणि यजमान दक्षिण कोरियाचे पार्क सी-हुन समोरासमोर होते. लढतीनंतर झालेल्या एका गणनेनुसार जोन्स यांचे 86, तर पार्क यांचे 32 ठोसे लागले होते. तरीही तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने पार्क विजयी घोषित झाले. स्पर्धेतील सर्वांत शैलीदार मुष्टियोद्ध्यास दिला जाणारा व्हॅल बार्कर चषक मात्र जोन्स यांनाच मिळाला! पंचांनी लाच घेतल्याचा पुरावा आढळला नाही, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 1997 मध्ये काढला. निकाल कायम राहिला. पुढे 2023 मध्ये पार्क यांनी ते सुवर्णपदक स्वतः जोन्स यांच्या हाती सोपविले. ऑलिंपिकच्या दफ्तरी विजेता म्हणून नोंद आजही पार्क यांचीच आहे.

यंत्राची मदत व तिच्या मर्यादा

सोलच्या अनुभवानंतर 1992 च्या बार्सिलोना स्पर्धेत संगणक आला. प्रत्येक पंचापुढे लाल व निळ्या कोपऱ्यासाठी बटणे असत. पाचांपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच बटण दाबले, तरच गुण नोंदला जाई. पद्धत निःपक्षपाती वाटली, परंतु तिने खेळाचे रूपच पालटले. पोटावर बसणारे आणि वेगाने एकापाठोपाठ येणारे ठोसे नोंदीतून निसटू लागले. प्रतिस्पर्ध्यास खाली पाडणाऱ्या ठोशासही साध्या ठोशाइतकाच एक गुण मिळे. त्यामुळे दुरून एकेक ठोसा लगावून आघाडी घ्यायची व ती जपत बसायचे, ही चाल फायद्याची ठरू लागली.

2013 पासून ही पद्धत बंद होऊन दहा गुणांची पद्धत आली. तीनुसार फेरी जिंकणाऱ्यास दहा आणि हरणाऱ्यास नऊ वा त्याहून कमी गुण मिळतात. ठोशांची संख्या व दर्जा, तंत्र व डावपेचांतील वर्चस्व आणि लढण्याची जिद्द यांचा त्यात विचार होतो. खेळाचे सौंदर्य त्यामुळे काही अंशी परतले. निर्णयाचा भार मात्र पुन्हा पंचांच्या सचोटीवर येऊन पडला.

विश्वासाचे मोल

2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत भारताच्या सरिता देवी यांना 60 किलो गटाच्या उपांत्य लढतीत कोरियाच्या पार्क जी-ना यांच्याविरुद्ध पराभूत ठरविण्यात आले. पदकदान समारंभात सरिता देवींनी आपले कांस्यपदक अश्रू ढाळीत पार्क यांच्याच गळ्यात घातले. त्यांना एक वर्षाच्या बंदीला तोंड द्यावे लागले. शिस्तीच्या दृष्टीने त्या कृतीचे समर्थन करता येणार नाही. परंतु निकालावरील विश्वास उडाला, म्हणजे खेळाडूची मनःस्थिती कोणत्या थराला जाते, हे त्या प्रसंगाने जगाला दाखविले.

रिओ येथील निर्णयांवरही तीव्र आक्षेप आले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जागतिक संघटनेस 2019 मध्ये निलंबित केले आणि 2023 मध्ये तिची मान्यता काढून घेतली. टोकियो व पॅरिस येथील मुष्टियुद्ध स्पर्धा समितीने स्वतःच्या देखरेखीखाली घेतल्या. टोकियोत प्रत्येक फेरीनंतर पंचांचे गुण सर्वांसमोर जाहीर करण्यात आले. 2025 मध्ये ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या नव्या संघटनेस तात्पुरती मान्यता मिळाली आणि त्यानंतरच 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेतील मुष्टियुद्धाचे स्थान निश्चित झाले.

पद्धत कागदाची असो वा बटणांची, ती राबविणारा माणूस निःस्पृह असावा लागतो. खेळाडूने वर्षानुवर्षे गाळलेल्या घामाचा निवाडा अवघ्या नऊ मिनिटांत करण्याची जबाबदारी पंचांवर असते. आपल्या तालुका व जिल्हा पातळीवरील स्पर्धांतही होतकरू खेळाडूंइतकेच लक्ष चांगले पंच घडविण्याकडे दिले गेले पाहिजे, हाच या साऱ्या इतिहासाचा बोध आहे.