चौकट आणि कणगी
मुरुडच्या शिवारात उफणणीच्या वेळी मोकळी चौकट वाऱ्यासमोर सरळ धरली तर तिच्यातून पूर्ण झोत जातो, ६० अंशांनी कलती केली तर निम्मा, आणि वाऱ्याला समांतर केली तर काहीच नाही. खुल्या पृष्ठातील विद्युत अभिवाहाचा हिशेब असाच चालतो, जरी तेथे प्रत्यक्ष काही वाहत नसते. परंतु तोंड शेणामातीने लिंपलेल्या कणगीसारखे मिटलेले पृष्ठ कल्पिले, की बाहेर जाणारे जमा व आत शिरणारे खर्ची धरून उरणारी शिल्लक, गाउसच्या (१७७७–१८५५) नियमाप्रमाणे, केवळ आतल्या एकूण विद्युतभारावर ठरते; कणगीचा आकार कसाही असो, ती बदलत नाही, आणि यातच मला या नियमाचे खरे सौंदर्य दिसते. भार बाहेर असेल, तर शिल्लक शून्य.